कारध्याच्या विहिरीतली वाम

भंडाऱ्याला समुद्रातला मासा बघायला कोणी जात नाही. लोक तिथं तांदूळ आणायला जातात, पितळेची भांडी आणायला जातात, नाही तर नागझिऱ्यात वाघ दिसेल या आशेवर जातात आणि हरणं बघून परत येतात. मी मात्र रत्नागिरीत दारासमोरचा अख्खा समुद्र सोडून राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला गेले, ते एका विहिरीतला मासा बघायला. घरच्यांनी यथेच्छ नावं ठेवली. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "तिकडे मासे असतात?" खरं सांगायचं तर गोड्या पाण्यातल्या माशांबद्दल माझंही मत तेव्हा त्यांच्याहून फार वेगळं नव्हतं.

कारण घडलं ते प्रणालीमुळे. प्रणाली माझी जुनी विद्यार्थिनी, साकोलीची. शिकायला आमच्याकडे रत्नागिरीला आली होती, आता तिकडेच कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. श्रावणात तिनं मला एक व्हिडिओ पाठवला. दगडी विहीर, काठोकाठ पाणी, आणि त्यात दंडाएवढी जाड, माणसाच्या कमरेपर्यंत येईल एवढी लांब वाम गोल गोल फिरतेय. खाली लिहिलं होतं, "मॅडम, ही आपलीच ना?"

आपलीच होती. आता हे 'आपली' प्रकरण सांगायला हवं, नाही तर पुढचं काहीच कळणार नाही. नदीत सापडणारी ही वाम जन्मानं समुद्राची. भर समुद्रात, नेमकं कुठं ते आजवर कोणी पाहिलेलं नाही, तिची अंडी फुटतात. पिल्लू आधी पानासारखं चपटं आणि पारदर्शक असतं. प्रवाहाबरोबर वाहत ते किनाऱ्याला लागतं, तोवर त्याची काचेची काडी झालेली असते. मग खाडीत शिरायचं, रंग धरायचा आणि नदीनं वर वर चढत जायचं. वर्षानुवर्षं नदीत राहून अंगानं भरली की एका पावसाळ्यात वाम सगळं सोडून उलट निघते, थेट समुद्रात, जन्मली तिथं. कोकणातल्या खाड्यांच्या तोंडाशी ती काचेची पिल्लं मोजण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. मला या गोष्टीची फक्त सुरुवात ठाऊक होती. आमच्या नद्या सह्याद्रीपासून समुद्रापर्यंत धापा टाकत पोचतात न पोचतात तोच संपतात, तिथं शेवट कुठला बघायला मिळणार?

भंडाऱ्याची वैनगंगा मात्र आमच्या समुद्राला जात नाही. ती पुढं प्राणहितेला, तिथून गोदावरीला मिळून पूर्वेच्या समुद्रात उतरते. म्हणजे विहिरीतली ती वाम आंध्राचा किनारा सोडून, दोन राज्यं ओलांडून इथवर आली होती. मी भादव्यात रजा टाकली आणि निघाले.

कारधा

भंडाऱ्याहून वैनगंगेचा पूल ओलांडला की कारधा. प्रणाली मला स्टॅंडवरून थेट घाटावर घेऊन गेली, कारण मासेमारांच्या डोंगी सकाळीच परत येतात. नदी बघून मी जरा हिरमुसले. मला वाहतं पाणी अपेक्षित होतं, इथं नदी तळ्यासारखी पसरून बसली होती. खाली पवनीकडे मोठं धरण झालंय, त्याचा फुगवटा इथवर येतो.

घाटावर वामी होत्या, आणि होत्या त्या सगळ्या दांडग्या. मी एकेका डोंगीपाशी जाऊन लहान वाम आहे का विचारत सुटले. सगळे हसायला लागले.

"लहान कायले पायजे मॅडम? लोकं मोठी मांगतात," एक म्हातारे ढिवर, म्हणजे तिकडचे मासेमार, म्हणाले. "आता लहान भेटतच नाई. देवाची कृपा आहे, एकाहून एक मोठी भेटून राहिली."

"किती मिळतात?"

"पहिल्यासारख्या नाई. पन मोठ्या भेटतात."

मला कोकणातली आमची गावं आठवली. गावात जावं तर ओटीवर फक्त म्हातारी माणसं. शाळेला कुलूप, कारण पोरं मुंबईला. कुणी म्हणेल, वा, काय दीर्घायुषी गाव आहे. नदीचंही तसंच झालेलं. धरण व्हायच्या आधी वर आलेल्या वामी मोठ्या मोठ्या होत चालल्यात आणि खालून नवं पोर एकही येत नाही. हे मी त्यांना सांगितलं. म्हातारबुवांनी ऐकून घेतलं, तंबाखू मळली, आणि म्हणाले, "हे तं वाईट सांगितलं तुम्ही." सकाळी सकाळी आल्या आल्या हे सांगायला नको होतं असं मलाही वाटलं.

विहीर होती अनुसयाबाईंच्या अंगणात, नदीपासून हाकेच्या अंतरावर. अनुसयाबाई साठीच्या, लहानखुऱ्या, नाकात मोठी फुली. नवरा याच उन्हाळ्यात वारला. मुलगा दिवाकर मालवाहू ऑटो चालवतो, सून वनिता घरचं आणि मासोळीबाजाराचं दोन्ही बघते. या घराची एक रीत होती. पूर्वी पावसाळ्यात नदीच्या खडकांवर झिंग्यांबरोबर वामीची बोटभर पिल्लं चढायची. सासऱ्यांच्या काळापासून त्यातलं एक उचलून विहिरीत सोडायचं, बाकीची तशीच जाऊ द्यायची. विहिरीत वाम असली की पाणी जिवंत राहतं, किडा-मुंगी ती खाऊन टाकते. ही वाम दिवाकर तिसरीत होता तेव्हा त्याच्या बापानं आणलेली. त्यानंतर आणायला पिल्लू मिळालंच नाही.

विहीर बघितली आणि मी दचकले. तोंडावर मासेमारीचं जाळं घट्ट ताणून बांधलं होतं.

"दोनदा बाहेर निंघाली जी," अनुसयाबाई म्हणाल्या. विहिरीच्या एका बाजूचा कठडा पडलेला आणि पाणी जमिनीबरोबर आलेलं. "पानी पडून राहिलं होतं. मी सकाळी उठून पायते तं आंगनात. लोटत लोटत फाटकाजवळ गेल्ती. मी पदरात धरून आनली. माहा मालक गेला तशी तिनं जेवन सोडलं. भात टाकला, कलेजी टाकली, झिंगे टाकले. तोंड लावत नाई. झुरून राहिली बिचारी."

वस्तीत कोणी म्हणालं नजर लागली, कोणी म्हणालं विहीर बाधली. म्हणून वनितानं कठड्याला लिंबू-मिरचीही बांधली होती. अनुसयाबाईंना मात्र खात्री होती की वाम मालकाचं सुतक पाळतेय आणि त्यांच्यामागे जीव देणार आहे. त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं, "तुम्ही येवढ्या लांबून आल्या. वाचन का ती?"

दिवाकरनं जाळं सोडून वाम टोपल्यानं वर घेतली. मी ओल्या गोणपाटावर तिला धरलं, म्हणजे धरायचा प्रयत्न केला. पहिल्या फटक्यात माझा चष्मा चिखलात गेला, दुसऱ्यात मी. वनिता तोंडावर पदर घेऊन हसत होती. अखेर डोक्यावर ओलं फडकं टाकलं तेव्हा बाईसाहेब शांत झाल्या. पाठ काळीभोर, पोट रुप्यासारखं पांढरं. आणि डोळे! नदीतल्या वामीचे डोळे बारीक असतात. हिचे टपोरे झाले होते. खोल अंधाऱ्या समुद्रात बघायला लागतात तसे. हे मी फक्त वाचलेलं होतं. 

"ती आजारी नाही," मी म्हटलं. "ती निघालीय."

"कुठी?"

"समुद्रात. अंडी घालायला. तिच्या आतड्यात आता अन्न चालतच नाही. वर्षानुवर्षं खाल्लेलं अंगात साठवलंय, त्याच्या जोरावर जायचं, वाटेत काही खायचं नाही. जिथं जन्मली तिथंच जाऊन बाळंत व्हायचं."

वनिता आणि सासू दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

"म्हंजे पयल्या बाळंतपनाले मायेरी जाऊन राहिली," अनुसयाबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा सगळा ताण उतरला. इतकी वर्षं मी वर्गात फळ्यावर बाण काढकाढून जे समजावते ते त्यांनी एका वाक्यात मिटवलं. मग प्रश्न सुरू झाले. नवरा कुठं असतो? मी सांगितलं की नर लहान असतात, बहुधा खाडीच्या तोंडाजवळच राहतात, एवढ्या वर चढून येतात त्या बहुतेक बायकाच. "बसून राहतात का तिथंच?" वनितानं दिवाकरकडे बघत विचारलं. दिवाकर टोपलं विसळायला निघून गेला.

आणि मग अनुसयाबाईंनी तो प्रश्न विचारला. "बाळंतपन झालं का वापस येते ना?"

मला टाळता आलं असतं. प्रणालीनं माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली घातली.

"नाही," मी म्हटलं. "अंडी घातली की ती मरते. सगळ्याच."

अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या.

"मंग मी तिले कायले सोडू?" अनुसयाबाई म्हणाल्या. "इथं तं जित्ती आहे."

"इथं काय होईल ते मला सांगता येत नाही. कदाचित पुन्हा पहिल्यासारखी होईल, खायला लागेल. कदाचित झुरून मरेल."

"कदाचित खाईन. तुम्हीच म्हनल्या." त्यांनी स्वतः वामीला विहिरीत सोडलं आणि जाळं पुन्हा बांधलं. गाठी दिवाकरला मारू दिल्या नाहीत. चहा दिला, साखर जास्त घातली, पण माझ्याशी पुन्हा काही बोलल्या नाहीत. कुणाच्या मरणाची बातमी घेऊन आलेल्या बाईशी काय बोलणार?

साकोली

मुक्काम प्रणालीच्या घरी, साकोलीला. वडील नाहीत, आई आरोग्यसेविका होती, आता निवृत्त. संध्याकाळची वंदना झाली आणि त्या स्वयंपाकाला लागल्या. बेत मरळीचा होता. मी मनातून घाबरले. नारळ नाही, कोकम नाही, कसला आला मासा? पाट्यावर जवस, लसूण आणि भाजलेला कांदा वाटला गेला, आंबटाला चिंच. "मॅडमले सांबार टाका वरून," आईंनी सांगितलं आणि मी दक्षिणेकडचं आंबट वरण माशावर पडण्याची वाट बघत बसले. पडली ती कोथिंबीर. मरळ घट्ट, बिनवासाची, रस्सा तांबडाजर्द. भात असा की दोनदा घेऊनही हात थांबेना. कोकणी माणसानं भात आणि मासा या दोन्ही गोष्टींत हार मानणं म्हणजे फार झालं, पण मी मानली. आमच्या वहिनींना मात्र हे मी अजून सांगितलेलं नाही.

जेवताना दिवाकरचा फोन आला. दबक्या आवाजात बोलत होता. "मॅडम, आई आयकत नाई. पन मी काय म्हनतो, तुम्ही घेऊन जा तिले. अभ्यासाले. तशीही मरनारच आहे ना."

फोन ठेवल्यावर प्रणाली माझ्याकडेच बघत होती. तिला ठाऊक होतं. माशाच्या डोक्यात, कानाच्या जागी, दोन बारीक खडे असतात; मासा मारल्याशिवाय ते हाती लागत नाहीत. झाडाच्या खोडासारखी त्यात वर्तुळं पडतात, ती मोजून आम्ही वय काढतो. पण थंड देशात हिवाळ्याचं वर्तुळ स्पष्ट पडतं. आपल्याकडं वर्षाला एक पडतं, की पावसाळ्याचं एक आणि उन्हाळ्याचं एक अशी दोन, यावर आम्ही आयुष्यभर भांडत आलोय. कारण जिचं खरं वय माहीत आहे अशी वाम कुणाकडेच नाही. कारध्याला होती. दिवाकर तिसरीत असताना आणलेली, एकाच विहिरीत वाढलेली. त्या दोन खड्यांत आमच्या सगळ्या भांडणांचा निकाल होता.

"मागा ना मॅडम," प्रणाली म्हणाली. "लेकानं स्वतःहून म्हटलंय."

"अनुसयाबाईंनी नाही म्हटलेलं."

"पण तुम्हाला पाहिजे आहे."

"पाहिजे आहे," मी म्हटलं. लपवण्यात अर्थ नव्हता. मला ते खडे इतके हवे होते की मरळीचा काटा बाजूला करताना माझं लक्ष तिच्या डोक्याकडेच जात होतं.

दुसरा दिवस मोकळा होता. प्रणालीनं मला जवळच्या एका मालगुजारी तलावावर नेलं. जुन्या काळी धानाला पाणी मिळावं म्हणून बांधलेले असे तलाव इकडे गावोगाव आहेत. आमच्याकडे पाऊस एवढा पडतो की साठवायचं आम्हाला सुचतच नाही, आणि मे महिन्यात टँकरची वाट बघतो. इथं पाळीवर मोहाची झाडं, पाण्यात कमळं, आणि कमरेएवढ्या पाण्यात उभ्या बाया पायाच्या अंगठ्यानं चिखलातला कमळाचा कांदा चाचपून उपटत होत्या. त्याला ढेस म्हणतात. मलाही हुक्की आली. मी पाण्यात उतरले, अंगठ्यानं चाचपलं, आणि जे उपटलं ते कुणाची तरी बुडालेली चप्पल निघाली. वर आले तर पोटरीला जळू. एका बाईनं तंबाखूची पिंक टाकून ती सोडवली आणि म्हणाली, "तुमच्याकडं समुद्रात जळवा नाई का? मंग तुमचा समुद्र बरा." कोकणाबद्दल एवढं चांगलं दिवसभरात कोणी बोललं नव्हतं. रात्री त्याच ढेसची भाजी झाली, कुरकुरीत आणि जराशी गोडसर.

दिवसभर मी हसत होते, पण मन कारध्यालाच होतं. सारखा पाऊस लागून होता आणि अशाच पावसात वामी निघतात.

पुन्हा कारधा

सकाळी आम्ही पोहे खात असताना फोन आला. या वेळी स्वतः अनुसयाबाई. "मॅडम, या."

आम्ही पोचलो तेव्हा वाम निळ्या ड्रममध्ये होती. पहाटे जाळ्याची एक बाजू सैल करून निसटली. फाटकाखालून गल्लीत, गल्लीतून नालीत, आणि नालीत कुत्र्यांनी गाठली. वनिता भांडी घासायला बाहेर आली म्हणून वाचली. शेपटाकडे दाताच्या खुणा होत्या आणि नाकाची कातडी जाळ्यावर घासून सोलून निघाली होती. अनुसयाबाई ड्रमच्या कडेला बसून त्या नाकाकडे बघत होत्या.

"हे मी केलं जी," त्या म्हणाल्या. "जाळं मी बांधलं. तिले लागते, तरी ती नाक घासत राहिली." मग डोळे पुसून म्हणाल्या, "माही माय मले जाऊ देत नव्हती सासरी. मी लहान होती. लगन झाल्यावर बी दारात उभी राहे आडवी. मले लय राग ये तिचा."

मग त्या माझ्याकडे वळल्या.

"कुठी नेऊन सोडायची ते सांगा. इथं नदीत?"

"इथं नाही. इथं सोडली तर खाली भिंत आहे. पाण्याबरोबर दारातून पडली तर पडली, नाही तर चिरडली जाईल. धरणाच्या खाली नेऊ या."

"मंग तिथून समुद्रापर्यंत मोकळं आहे?"

"नाही," मी म्हटलं. खोटं बोलवत नव्हतं. "पुढंही बंधारे आहेत. काही चुकवील. पोचेलच असं नाही."

"रस्त्यात माह्या डोळ्यापुढं कुत्र्यानं खाल्ली असती, त्याच्यापेक्षा बरं," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

दिवाकर ड्रम ऑटोत चढवताना माझ्याजवळ आला. "आन् तुमचा अभ्यास?" त्याला खरोखर वाईट वाटत होतं. मी वामीची लांबी घेतली, डोळ्याचं माप घेतलं, फोटो काढले. खड्यांबद्दल मी त्याला सांगितलं की ते तिच्यासोबतच जाऊ देत. हे म्हणताना मला फार थोर वगैरे वाटलं नाही. ते खडे मला अजूनही कधीकधी आठवतात. 

निघताना वनितानं आतून तांदूळ, हळकुंड आणि नवा ब्लाउजपीस आणला. मला वाटलं कुणाकडे जाताना द्यायचाय. ती म्हणाली, "ओटी भरा लागते ना जी. मायेरी जाऊन राहिली तं." अनुसयाबाईंनी ब्लाउजपीस आत ठेवायला लावला. "कपडा गळ्यात अटकन तिच्या," असं म्हणून त्यांनी तांदूळ मात्र पदरात बांधून घेतले.

पवनीच्या खाली

पवनीच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना धान. बांध्या, म्हणजे आमच्याकडची खाचरं, पाण्यानं भरलेल्या, मधेच बाया वाकून निंदण करतायत. ऑटोच्या मागं ड्रमला मिठी मारून अनुसयाबाई बसल्या होत्या, शेजारी मी, आणि प्रत्येक खड्ड्याला ड्रममधलं पाणी आमच्या दोघींच्या अंगावर. प्रणाली पुढं दिवाकरशेजारी बसून त्याला हळू चालवायला सांगत होती. तो म्हणाला, "बाळंतीनीले न्यावं तशी चालवून राहिलो."

धरणाची दारं त्या दिवशी थोडीच उघडी होती. भिंतीपाशी जाऊ देत नाहीत, म्हणून दिवाकरनं ओळखीच्या मासेमारांना विचारून बराच खाली, गावाच्या घाटालगत ऑटो उभा केला. नदी इथं खरी नदी होती. लाल, जाड, ओढणारी. दारं आणखी उघडायच्या आधीचा भोंगा वाजला की लगेच वर यायचं, असं त्यानं आम्हा तिघींना बजावलं.

ड्रम आडवा केला. वाम पाण्याबरोबर बाहेर आली आणि काठच्या उथळात पडून राहिली. हलेना. मला वाटलं, गेली. अनुसयाबाई गुडघाभर पाण्यात उतरल्या, पदराची गाठ सोडून तांदूळ पाण्यात सोडले आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला, जसा लहान मुलीच्या वेणीवरून फिरवतात. "सांभाळून जाजो माय," एवढंच म्हणाल्या. वाम जरा वळली, तोंड वरच्या अंगाला कारध्याकडे झालं. मग धारेचा जोर तिच्या अंगाला लागला असावा. एक वळसा, आणि लाल पाण्यात काळी पाठ दिसेनाशी झाली. सगळं इतक्या चटकन झालं की प्रणालीला फोटोही मिळाला नाही.

अनुसयाबाई तिथंच उभ्या राहिल्या. रडल्या नाहीत. मला मात्र रडू आलं आणि ते दिसू नये म्हणून मी काठाकाठानं चालत सुटले. काठ खचू नये म्हणून तिथं उतारावर दगड बसवलेत. वरच्या अंगाचं गळतीचं पाणी त्यांच्यावरून सतत ओघळतं, शेवाळ माजलंय. त्या शेवाळावर मला काही तरी वळवळताना दिसलं. आधी वाटलं गांडूळ. मग मी गुडघ्यांवर बसले. अगरबत्तीच्या काडीएवढी, पोटाशी पिवळसर, चपट्या शेपटीची. एक होती, तिच्यामागं दुसरी, दगडाच्या फटीत आणखी काही. ओल्या शेवाळाला अंग चिकटवून वर सरकायची, ओल संपली की घसरून पाण्यात पडायची आणि पुन्हा सुरू.

मी हाक मारली. मला नीट शब्दही सापडेनात. समुद्राकडून इतक्या वर आलेली पिल्लं मी जन्मात पाहिली नव्हती. खालचे बंधारे चुकवून, कशी कुणास ठाऊक, इथवर पोचली होती आणि इथं अडली होती.

अनुसयाबाई आल्या, वाकल्या, बराच वेळ बघत राहिल्या. "मालक अशेच आने," त्या म्हणाल्या. "किती वर्सानं पायले." मग म्हणाल्या, "हे वर कायले चढून राहिले?"

"त्यांना पलीकडं जायचंय. तुमच्या कारध्याला, त्याच्याही वर."

"मंग कोन नेते या पिल्लायले?"

"कोणीच नाही."

"हे तिचे लेकरं होत का?"

"नाही हो. ती तर आत्ता निघाली. ही दुसऱ्या कुणाची."

त्यांनी साडी वर खोचली, तळवे पाण्यात ओले केले आणि पहिलं पिल्लू अलगद उचलून ओंजळीत घेतलं. वरून दिवाकरनं आवाज दिला, "आये, चाल ना आता. भोंगा वाजन."

"ड्रम इकडं आन, पानी भरून," त्या मान वर न करता म्हणाल्या. "रिकामा वापस कायले न्यायचा?"